विहीर एकाची, पाणी गावाचे : भूजलाच्या अर्थशास्त्राची मूलतत्त्वे

शेतीच्या जमाखर्चात बियाणे, खत, मजुरी, औषधे व वाहतूक यांची नोंद बहुतेक शेतकरी ठेवतात. विहिरीतून उपसलेल्या पाण्याच्या नावे मात्र या जमाखर्चात क्वचितच एखादी रक्कम लिहिलेली आढळते. पंपाची दुरुस्ती, नळाची खरेदी, विहिरीवरील कर्जाचा हप्ता यांचा खर्च मांडला जातो. पण खुद्द पाणी फुकटचे समजले जाते. हे फुकट समजलेले पाणी संपते, तेव्हा त्याची खरी किंमत कळते. फाल्गुनात विहिरी तळाला जातात, उभे पीक वाळते, नव्या कूपनलिकेसाठी कर्ज काढावे लागते, आणि वैशाखात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

हे केवळ पावसाच्या लहरीमुळे घडते, असे म्हणता येत नाही. सारखाच पाऊस पडणाऱ्या दोन शेजारच्या गावांपैकी एका गावाचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरते व दुसऱ्याचे पुरत नाही, असे अनेक ठिकाणी दिसून येते. या फरकाची कारणे काही अंशी भूगर्भात असतात. परंतु बऱ्याच अंशी ती पाण्याच्या वापरासंबंधी गावाने केलेल्या, किंवा न केलेल्या, हिशेबात असतात. नैसर्गिक संपत्तीचा असा हिशेब कसा करावा, हे सांगणारी अर्थशास्त्राची एक शाखा आहे. तिची काही मूलतत्त्वे विहिरीच्या पाण्याच्या उदाहरणाने येथे मांडली आहेत.

साठा आणि आवक

महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठण्यास जागा थोडी असते. वरचा झिजलेला मुरमाड थर, खडकातील भेगा व सांधे यांतच काय ते पाणी मुरते आणि टिकते. त्याखालील अखंड पाषाणात पाणी फारसे नसते. म्हणूनच अशा प्रदेशात जितके खोल जावे तितके अधिक पाणी लागते, हा समज खरा नाही. पुष्कळदा खोल कूपनलिका नवे पाणी शोधीत नाही. वरच्या थरातील, म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीला मिळणारेच पाणी ती खालून ओढून घेते.

भूजलाची तुलना पेढीतील ठेवीशी करता येईल. जमिनीखालील साठा हे मुद्दल, आणि दरवर्षी पावसाने मुरणारे पाणी हे त्यावरील व्याज. व्याजावर घर चालविणाऱ्याचे मुद्दल शाबूत राहते. मुद्दलाला हात लागला की पुढील वर्षी आधार कमी उरतो, आणि एखादे अवर्षणाचे वर्ष आल्यास काहीच हाती राहत नाही. पहिले तत्त्व असे की, वर्षाचा उपसा वर्षाच्या आवकेच्या आत ठेवावा. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे; आडात किती आहे हे मोजण्याची सवय मात्र अद्याप लागावयाची आहे.

हे मोजमाप कठीण नाही. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे दहा घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडते. समजा, एका गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर असून वर्षाचा पाऊस ५०० मि.मी. आहे. तर गावावर ५० लाख घनमीटर पाणी पडले. यातील बराच भाग बाष्परूपाने उडून जातो, पिके व गवत शोषून घेतात, काही ओढ्यांतून वाहून जातो. जमिनीत खोलवर मुरणारा भाग सुमारे एक-दशांश धरल्यास तो ५ लाख घनमीटर होतो. हे प्रमाण खडक, उतार व जलसंधारणाची कामे यांनुसार कमीजास्त होते. परंतु अंदाज बांधण्यास ते पुरेसे आहे.

आता खर्चाची बाजू पाहावी. गावात १,५०० माणसे असून दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरले, तर वर्षास सुमारे ३० हजार घनमीटर लागतात. ८०० जनावरांना प्रत्येकी ५० लिटरप्रमाणे सुमारे १५ हजार घनमीटर लागतील. भूगर्भातून ओढ्यात झिरपून जाणारे पाणी आणि पुढील वर्षाची शिल्लक यांसाठी ५५ हजार घनमीटर राखून ठेवले, तर शेतीसाठी ४ लाख घनमीटर उरतात. गावाच्या सर्व विहिरींनी मिळून वर्षभरात वाटून घ्यावयाचे पाणी ते एवढेच.

एका पिकासाठी सोडलेले दुसरे पीक

दुसरे तत्त्व असे की, मर्यादित वस्तूची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या पैशांवरून कळत नाही. ती एका कामी लावल्यामुळे दुसरे कोणते काम सोडावे लागले, यावरून कळते. अर्थशास्त्रात यास संधी-खर्च म्हणतात. 

पावसाचा वाटा वजा जाता पाटाने भिजविलेल्या उसास वर्षभरात २,००० मि.मी. पाणी विहिरीतून द्यावे लागते असे धरू. म्हणजे हेक्टरी २० हजार घनमीटर. गव्हास हेक्टरी ४ हजार, रब्बी कांद्यास ६ हजार आणि हरभऱ्यास दोन पाळ्यांचे मिळून १,२०० घनमीटर धरू. पाटाने दिलेल्या पाण्याचा काही अंश पुन्हा जमिनीत मुरतो. हिशेब सोपा राहावा म्हणून तो येथे सोडून दिला आहे. या हिशेबाने वरील गावाच्या ४ लाख घनमीटर पाण्यावर २० हेक्टर ऊस होईल, किंवा ६६ हेक्टर कांदा, किंवा १०० हेक्टर गहू, किंवा ३३३ हेक्टर हरभरा. हजार हेक्टरांच्या गावात अवघ्या वीस हेक्टर उसाने सर्व पाणी संपते, ही गोष्ट आकडे मांडल्यावाचून लक्षात येत नाही.

यावर असे विचारले जाईल की, उसाचे उत्पन्न अधिक असते, मग तो का लावू नये? याचे उत्तरही हिशेबानेच द्यावे. उदाहरणापुरते असे मानू की, एक हेक्टर उसापासून खर्च वजा जाता दीड लाख रुपये मिळतात, तर दोन पाळ्या दिल्यामुळे हरभऱ्याचे निव्वळ उत्पन्न हेक्टरी १५ हजार रुपयांनी वाढते. एका हेक्टर उसाच्या पाण्यात १६ हेक्टर हरभरा भिजतो, म्हणजे २ लाख ४० हजार रुपयांची वाढ होते. दर हेक्टरी पाहिल्यास ऊस श्रेष्ठ ठरतो. दर हजार घनमीटर पाण्यामागे पाहिल्यास हरभरा पुढे जातो. जेथे जमीन मुबलक व पाणी तोकडे आहे, तेथे उत्पन्न हेक्टरी न मोजता पाण्याच्या मापाने मोजणे हेच योग्य होय. बाजारभाव दरवर्षी बदलतात. म्हणून हे आकडे प्रत्येक गावाने आपल्या भावांप्रमाणे पुन्हा मांडावेत.

शेजाऱ्याच्या माथी पडणारा खर्च

तथापि एवढ्याने शेतकऱ्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. ज्याच्यापाशी एकच हेक्टर जमीन आहे, तो सोळा हेक्टर हरभरा कोठे पेरणार? त्याच्यापुरता पाहता त्याने ऊस लावणे शहाणपणाचेच आहे. उसाला कारखान्याचे हमखास गिऱ्हाईक असते व कायद्याने ठरलेला किमान दर असतो. कडधान्याच्या भावाची तशी खात्री नसते. दीड लाखाचे उत्पन्न त्याचे आहे. आणि बुडालेले दोन लाख चाळीस हजार बहुतांशी इतरांचे आहेत.

हेच तिसरे तत्त्व होय. एखाद्याच्या व्यवहाराचा लाभ त्याला व्हावा, पण त्याच्या खर्चाचा काही भाग व्यवहारात नसलेल्या तिऱ्हाइतावर पडावा, अशा स्थितीला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाचे विवेचन केले. असा बाहेर पडलेला खर्च ज्याच्या हिशेबात येत नाही, तो त्या वस्तूचा गरजेपेक्षा अधिक वापर करतो, असे त्यावरून दिसून येते.

भूजलाच्या बाबतीत हा खर्च किती दूरवर पोचतो, ते पाहण्यासारखे आहे. झिजलेल्या काळ्या पाषाणात उपसण्याजोगे पाणी थराच्या आकारमानाच्या शेकडा दोन इतकेच धरतात. म्हणजे एका हेक्टराखालील पाण्याची पातळी एक मीटर उतरली की २०० घनमीटर पाणी हाती येते. या मापाने एका हेक्टर उसाचे २० हजार घनमीटर पाणी म्हणजे १०० हेक्टर क्षेत्राखालील पातळी एक मीटरने उतरविणे होय. प्रत्यक्षात पातळी सर्वत्र सारखी उतरत नाही; पंपाजवळ ती अधिक व दूर कमी उतरते. पण उपशाचा परिणाम बांधापाशी थांबत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

या उताराचा पहिला फटका उथळ विहिरीला बसतो, आणि उथळ विहीर बहुधा लहान शेतकऱ्याचीच असते. त्याला विहीर खोल करण्यास किंवा कूपनलिका घेण्यास भांडवल नसते. पुढे गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आटते, आणि हंडे घेऊन लांब जाण्याचे कष्ट घरातील स्त्रियांच्या वाट्यास येतात. पाण्याचा नफा एकाच्या वहीत आणि तोटा दहा घरांच्या अंगावर, असा हा व्यवहार आहे.

उपशाची शर्यत

चौथे तत्त्व सामाईक संपत्तीविषयी आहे. “आपण पाणी राखून ठेवले, तर शेजारी ते उपसून नेईल, मग आपणच का राखावे?” असे पुष्कळ शेतकरी म्हणतात. हा विचार अविचारी नाही. नियम नसलेल्या सामाईक साठ्याच्या बाबतीत प्रत्येकाला तसेच वाटते. म्हणून प्रत्येक जण घाईने उपसतो, एकाने दोनशे फूट खोदल्यास दुसरा चारशे फूट खोदतो, आणि अखेरीस सर्वांचा खर्च वाढून पाणी तेवढेच राहते. कोणीही वाईट हेतूने न वागता सर्वांचे नुकसान होते, हे या शर्यतीचे वैशिष्ट्य आहे.

या शर्यतीस आणखी एका गोष्टीने वेग येतो. कृषिपंपाच्या विजेचे बिल अश्वशक्तीवर आकारले, किंवा वीज मोफत दिली, म्हणजे पंप आणखी एक तास चालविण्याचा वेगळा खर्च शेतकऱ्यास पडत नाही. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी मोफत विजेची योजना २०२४ साली सुरू झाली. तिने शेतकऱ्याच्या खर्चाचा भार हलका झाला, यात संशय नाही. परंतु विजेचा दर जेथे उपशाला आवर घालीत नाही, तेथे तो आवर गावाने स्वतःच्या नियमाने घालावा लागतो. वीज मोफत असली तरी साठ्यातून गेलेले पाणी मोफत नसते.

शेवटच्या पाळीचे मोल

पाचवे तत्त्व वाढत्या वापराच्या घटत्या लाभाचे आहे. समजा, हलक्या ओलीच्या जमिनीत हरभऱ्याला पहिल्या पाळीने हेक्टरी तीन क्विंटल वाढ मिळते, दुसरीने दोन क्विंटल, व तिसरीने अर्धा क्विंटल. एकाच हेक्टरास तिन्ही पाळ्या दिल्यास साडेपाच क्विंटलांची वाढ होईल. त्याच तीन पाळ्या तीन हेक्टरांना एकेक दिल्यास ती नऊ क्विंटल होईल. म्हणून पीक फुलोऱ्यात वा घाटे भरण्याच्या अवस्थेत असताना दिलेली एक संरक्षक पाळी ही गरज नसता दिलेल्या चार पाळ्यांहून मोलाची ठरते.

ठिबक व तुषार सिंचनाचा विचारही याच अनुषंगाने करावा. या पद्धतींनी पिकास लागणारे पाणी कमी होते व उत्पादनही सुधारते. परंतु वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने उसाचे क्षेत्र दुप्पट केले, तर विहिरीचा एकूण उपसा घटत नाही. साधन काटकसरीचे असले तरी एकूण उपशाची मर्यादा वेगळी ठरवावी लागते. त्याचप्रमाणे प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरल्यास लाभ होतो. ते विहिरीच्या पाण्याने भरल्यास सामाईक साठा एकाच्या ताब्यात जातो, आणि त्यातील काही भाग उन्हाने उडून जातो.

गावांनी काढलेला मार्ग

सामाईक संपत्तीचा नाश अटळ आहे, असे मात्र नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कॅलिफोर्नियातील भूजलापासून आरंभ करून अनेक देशांतील कालवे, कुरणे व जंगले यांच्या सामाईक व्यवस्थांचा अभ्यास केला. वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले, सर्वांना ठाऊक असलेले व ज्यांच्या पालनावर देखरेख आहे असे नियम दीर्घकाळ टिकतात, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

महाराष्ट्रात अशा व्यवस्थांची उदाहरणे घरचीच आहेत. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवरील फड पद्धती कित्येक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडून प्रत्येक फडात एकच पीक घेण्याचा प्रघात असे. पाणी कमी असलेल्या वर्षी किती फड भिजवावयाचे हे मिळून ठरविले जाई, आणि पाणी देण्याचे काम शेतकऱ्यांनी नेमलेल्या पाटकऱ्याकडे असे.

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर श्री. विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरास पुरेल इतके, आणि एका कुटुंबास अडीच एकरांच्या मर्यादेत देण्याचा नियम झाला. उसास बंदी करण्यात आली, आणि भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानण्यात आला. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या अल्प पावसाच्या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली मृद्‌संधारणाची कामे केली. पण तेवढ्यावर न थांबता शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा, ऊस व केळी यांसारखी पिके न लावण्याचा, आणि दरवर्षीच्या पावसावरून पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीची पिके ठरविण्याचा नियम केला. नुसते पाणी अडविणे व जिरविणे पुरेसे नाही. जिरविलेल्या पाण्याच्या वाटणीचा नियमही हवा, हा धडा या गावापासून घ्यावा.

कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अंमलात आला. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे रक्षण व खोल विहिरींचे नियमन यांसंबंधी तरतुदी त्यात आहेत. परंतु प्रत्येक पंपापाशी शासनाचा माणूस उभा करता येत नाही. कायद्याला गावाच्या संमतीची जोड मिळाली तरच तो फलद्रूप होतो.

रब्बीपूर्वी करावयाचे काम

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रमाने काम करावे.

१. गावात अथवा जवळपास असलेल्या पर्जन्यमापकावरील पावसाची नोंद जूनपासून नियमित ठेवावी व ती चावडीवरील फळ्यावर लिहावी.

२. गावाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागांतील मिळून पाचसहा विहिरी निवडून त्यांची पाणीपातळी पावसाळा संपताच व पुन्हा मार्चअखेर दोरीने मोजावी. गतवर्षीच्या आकड्यांशी तुलना केली म्हणजे मुद्दल वाढले की घटले ते कळते.

३. माणसे, जनावरे व चारा यांची गरज प्रथम वजा करावी. पिकांचा विचार उरलेल्या पाण्यापुरताच करावा. पाण्याच्या अंदाजाकरिता भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचे साहाय्य घ्यावे.

४. रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभा बोलावून हा ताळेबंद सर्वांसमोर वाचावा. स्त्रिया, भूमिहीन व विहीर नसलेले शेतकरी उपस्थित राहतील अशी वेळ निवडावी. कोणत्या पिकाचे किती क्षेत्र घ्यावयाचे हे सभेनेच ठरवावे.

५. पहिल्याच वर्षी कडक बंदीचा आग्रह धरू नये. नव्या कूपनलिका थांबविणे आणि नवा ऊस न वाढविणे, एवढ्यावर एकमत झाले तरी पुष्कळ साधते. ज्यांचा ऊस उभा आहे त्यांना खोडव्यानंतर पीक बदलण्यास अवधी द्यावा. बदली पिकाचे बियाणे व विक्रीची सोय यांकडेही लक्ष पुरवावे. अन्यथा सगळा तोटा एकट्यावर पडून नियम मोडतो.

६. मार्चमध्ये ठरलेले क्षेत्र व प्रत्यक्ष क्षेत्र यांचा मेळ घालून सभेत सांगावा. आपण नियम पाळला तर शेजारीही पाळतो, हा भरवसा अशा उघड मेळातूनच निर्माण होतो.

जमिनीचा सातबारा ज्याच्या नावे आहे, त्याला विहीर खणता येते. परंतु त्या विहिरीत येणारे पाणी वरच्या माळावर पडून, अनेकांच्या शेतांखालून झिरपत आलेले असते. ते किती आले, किती गेले आणि कोणाच्या वाट्याचे गेले, हे वर्षातून एकदा सर्वांनी मिळून पाहणे हा भूजलाच्या अर्थशास्त्राचा पहिला पाठ आहे. यंदाचा पावसाळा संपताच प्रत्येक गावाने तो गिरवावा.